दुसऱ्या फीडरवरचे नाना

भर मे महिन्यात, भोसरीच्या एमआयडीसीत, डांबर वितळत असताना बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालून चहाच्या टपरीवर उभा असलेला माणूस दिसला तर त्याला वेडा समजू नये. तो कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हर रूममधला असतो. अशी माणसं सहकारी बँकांत असतात, इस्पितळांत असतात, विद्यापीठांच्या तळमजल्यावर असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे नुसतंच 'सर'. आमच्याकडे ते नाना आहेत.

मी अकाउंट्सची. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माझा आणि नानांचा संबंध खरं तर बिलापुरताच यायचा. पण नानांची बिलं अशी असतात की नुसती सही करून फाईल पुढे सरकवता येत नाही. खाली जाऊन विचारावंच लागतं. आणि एकदा खाली गेलं की तासभर सुटका नाही.

त्यांच्या साम्राज्याचा केंद्रबिंदू म्हणजे चॅसिस. डेलचा एम1000ई, 2008 साली बाजारात आलेलं मॉडेल. उंची दहा यू, म्हणजे साडेसतरा इंच. पुढून सोळा उभे खण आणि प्रत्येकात एक सपाट सर्व्हर, ज्याला ही मंडळी ब्लेड म्हणतात. मागून नऊ पंखे, सहा पॉवर सप्लाय आणि सगळ्यांवर नजर ठेवणारे दोन कंट्रोलर, एक कामावर आणि एक स्टँडबाय. सगळं भरलं की वजन पावणेदोनशे किलोच्या वर. सोळा भावांचं हे एकत्र कुटुंब आहे. खोल्या वेगळ्या, पण चूल, मीटर आणि पंखे सामायिक. अशा घराला कर्ता लागतोच, आणि तो नाना.

नानांनी सर्व्हरना गडांची नावं दिली आहेत. पगार राजगडावर निघतात, स्टोअर्सचा हिशेब सिंहगडावर असतो, आणि नव्या पोरांनी वाट्टेल ते प्रयोग करावेत म्हणून पन्हाळा मोकळा सोडलेला आहे. त्यामुळे रात्रपाळीच्या वॉचमनला फोनवर "प्रतापगड तापलाय, तोरणा पडला, मी निघालोच" असं काहीतरी ऐकू येतं. तो बिचारा सैन्यातून निवृत्त झालेला, दर वेळी खुर्चीतून उठून उभा राहतो.

खोलीत शिरण्याचा विधी ठरलेला. चपला बाहेर. हातात पाण्याची बाटली असेल तर ती बाहेर. मग नाना दार उघडतात, पण लगेच आत जात नाहीत. उंबऱ्यावर क्षणभर थांबतात आणि मान जराशी तिरकी करून ऐकतात. पंख्यांचा सूर ऐकायचा असतो. तो रोजच्यासारखा असेल तर "हं" म्हणून पुढे. किंचित वर चढलेला असेल तर आधी एसीकडे बघतात, मग आमच्याकडे, जणू आम्हीच काहीतरी केलंय. स्क्रीनवर तापमान, वॉट, पंख्यांचे फेरे सगळं आकड्यांत दिसत असतं. ते नाना नंतर बघतात, आपल्या कानाने काय सांगितलं ते स्क्रीनला कळलंय का हे तपासायला.

पंखा हा त्यांचा आवडता विषय. जेवणाच्या सुट्टीत कुणी नवीन माणूस टेबलावर बसला की नाना भाकरीचा तुकडा हातात धरून विचारतात, "पंख्याचा वेग अर्धा केला तर वीज किती लागेल?" समोरचा साहजिकच "अर्धी" म्हणतो. नाना दोन घास शांतपणे खातात. मग म्हणतात, "एक अष्टमांश. वेगाच्या घनावर जातं ते." आणि मग विजयी मुद्रेने ताकाचा पेला उचलतात. त्यामुळे नऊ पंखे निवांत फिरवणं हे पाच पंखे पळवण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे मला आता झोपेतही सांगता येईल. आमच्या कँटीनमध्ये घनाचा नियम ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही. भांडी घासणाऱ्या मावशीसुद्धा टेबलपंखा एकवर ठेवतात.

आता त्या बिलाचं. एका वर्षी तीन ब्लेड काढून टाकली आणि नानांचा मागणी अर्ज आला: 'ब्लँक, 3 नग'. ब्लँक म्हणजे रिकाम्या खणात बसवायचा रिकामा डबा. आत काही नाही. वायर नाही, दिवा नाही, काही नाही. परचेसवाल्यांनी अर्जावर लाल शाईने लिहिलं, 'उपयोग स्पष्ट करावा'. नानांनी खाली हिरव्या शाईने लिहिलं, 'समक्ष यावे'. परचेसमधलं कुणी जाईना, म्हणून मी गेले.

"मॅडम, हात धरा इथे." त्यांनी मला एका चालू ब्लेडसमोर हात धरायला लावला. हवा आत खेचली जात होती, अगदी बारीक. मग शेजारच्या उघड्या खणासमोर. तिथे माझ्या बांगड्या हलल्या. "पंखे मागे आहेत. ते पुढून हवा ओढतात. हवेला तुमच्या ब्लेडशी काय घेणंदेणं? जिथे वाट मोकळी तिथून ती सुटणार. म्हणजे गार हवा फुकट मागे, आणि शेजारचे उपाशी. ते तापले की कंट्रोलर पंखे वाढवणार, पंखे वाढले की बिल वाढणार, बिल वाढलं की तुम्ही मलाच विचारणार." दरम्यान कुणा उत्साही पोराने एका खणाला बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा लावून ठेवला होता. तो नानांनी दोन बोटांत धरून काढला आणि माझ्यासमोर त्याचं शवविच्छेदन केलं: कडेचे तंतू सुटलेत, ते आत जाणार, शिवाय हा पेटतो.

ब्लँक आले. बसवताना मी मुद्दाम उभी राहिले. तिसरा डबा आत सरकून 'टक' झालं, आणि साधारण मिनिटाभरात खोलीतला आवाज चक्क खाली उतरला. मी काही संगीत शिकलेली नाही, पण पट्टी बदलली हे मलाही कळलं. नाना काही बोलले नाहीत. नुसतंच माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचं ते न बोलणं बोलण्यापेक्षा असह्य असतं.

ब्लेड आत घालायचं काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आधी अंगठी खिशात. मग मनगटाला अँटिस्टॅटिकचा पट्टा. मग बॅटरी घेऊन खणात आतवर डोकावायचं, कारण तिथे मिडप्लेन असतो, म्हणजे सगळी ब्लेड मागच्या भागांना ज्या पाटीतून जोडली जातात ती पाटी. तिला इजा झाली तर नुकसान एका ब्लेडपुरतं राहत नाही. पाटी बदलायला सोळाच्या सोळा गड खाली उतरवावे लागतात. म्हणून नाना ब्लेडच्या मागच्या कनेक्टरवर उजेड टाकून बघतात, चष्मा वर करून पुन्हा बघतात, आणि मग दोन्ही तळव्यांनी इतक्या सावकाश आत सरकवतात की शेजारी उभ्या असलेल्या पोराला जांभई येते. जांभई दिली तर त्या दिवशी त्याला ब्लेडला हात लावायला मिळत नाही.

विजेच्या बाबतीत नाना दोन माणसं आहेत, आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. एक नाना भित्रे. यांना सगळं दुहेरी हवं. सहा सप्लायपैकी तीन एका फीडरवर आणि तीन दुसऱ्यावर. एक फीडर संपूर्ण गेला तरी उरलेल्या तिघांनी घर चालवलं पाहिजे. दुसरे नाना कंजूष. जिन्यातला दिवा दिवसा चालू दिसला तर स्वतः जाऊन बंद करणारे. या दोघांच्या भांडणात सापडली ती एक सोय. सप्लायवर भार फार कमी असला तर तो वीज वाया घालवतो, म्हणून कंट्रोलर काही सप्लायना झोपवून ठेवतो, बाकीच्यांवर नेटका भार टाकतो, आणि गरज पडली की झोपलेल्यांना उठवतो. कंजूष नानांना हे फार आवडलं. भित्र्या नानांनी विचारलं, "उठला नाही तर?" मी दर महिन्याला विचारायची, नाना, ते सुरू केलंत का? "बघतो." नानांचं 'बघतो' दोन पावसाळे टिकतं. शेवटी एका गुरुवारी सुरू केलं आणि त्या रात्री घरी गेले नाहीत. झोपलेला सप्लाय नीट झोपलाय ना, हे बघत जागे बसले.

गुरुवार म्हणजे आमच्या भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, आणि नानांचा खरा कामाचा दिवस. मशीन बंद, शांतता, फोन नाहीत. अशाच एका गुरुवारी त्यांनी फीडरची परीक्षा घ्यायची ठरवली. पुरवठादाराचा इंजिनीअर सगळ्या केबली नीट बांधून, "डन सर" म्हणून, सही घेऊन गेलेला. नानांचा 'डन' या शब्दावर विश्वास नाही. त्यांनी लाल आणि निळी इन्सुलेशन टेप घेतली आणि प्रत्येक केबल सप्लायपासून उलटी, जमिनीच्या फळ्या उचलत, यूपीएसपर्यंत हाताने पकडत नेली. संध्याकाळी गुडघ्यांवर धूळ घेऊन वर आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले (महिनाअखेर असल्यामुळे मीही त्या गुरुवारी कामावर होते). "मॅडम, तीन आणि तीन बरोबर आहेत. फक्त दोन्ही तीन एकाच यूपीएसवर आहेत." आवाजात राग नव्हता. उलट एक खोल, तृप्त समाधान होतं. जगाबद्दलचा आपला अंदाज बरोबर निघाला की माणसाला जे होतं ते.

दुरुस्ती झाल्यावर पुढच्या गुरुवारी खरी परीक्षा. नानांनी "जय गजानन" म्हणून अंगठ्याने एका बाजूचा एमसीबी खाली पाडला. तीन सप्लायचे दिवे गेले, पंख्यांचा सूर चढला, पुढच्या पट्टीवर पिवळा दिवा लागला, नानांच्या मोबाईलवर इशाऱ्यांच्या मेलचा पाऊस सुरू झाला, आणि वर माझ्या स्क्रीनवर पगारपत्रक होतं तसंच चालू राहिलं. नाना हातावरच्या घड्याळाकडे बघत दहा मिनिटं तसेच उभे. मग एमसीबी वर. मग दुसरी बाजू. नवा पोरगा म्हणाला, "नाना, एक बाजू चालली म्हणजे दुसरीही चालेलच ना?" त्याला त्या दिवशी लाँगबुकात केबलींचे नंबर उतरवायला बसवलं.

लाँगबुक हे वेगळंच प्रकरण. चॅसिसची सगळी मांडणी कंट्रोलरमधून फाईलमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवलेली असते. तरीही ती नानांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात वहीतही असते. कुठल्या खणात कोण, त्याचा नेटवर्कचा पत्ता काय, कधी काय बदललं, कुणी बदललं आणि कंसात 'न विचारता'. तो पत्ता ब्लेडला न देता खणाला द्यायची सोय या चॅसिसमध्ये आहे. ब्लेड मेलं, नवं घातलं, की त्याला आपोआप जुन्याचाच पत्ता मिळतो आणि बाहेरच्या स्विचला काही झाल्याचं कळतही नाही. ही गोष्ट सांगताना नानांचा चेहरा उजळतो. बाहेरून आलेल्या इंजिनीअरचं काम तपासायची त्यांची पहिली पायरीही वहीत लिहिलेली आहे: कंपनीतून आलेला मूळ पासवर्ड टाकून बघणे. डेलच्या या यंत्रांचा तो 'कॅल्विन' होता, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो टाकून आत शिरता आलं, की त्या इंजिनीअरला नाना चहा विचारत नाहीत.

मग प्राधान्यक्रमाचं महाभारत. वीज अपुरी पडली तर आधी कुणाची कापायची, हे ठरवायला प्रत्येक खणाला एक ते नऊ असा क्रम देता येतो. एक म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा. कंट्रोलर खालच्या क्रमवाल्यांचा वेग आधी कमी करतो, तेवढ्यानं भागलं नाही तर त्यांना बंद करतो. नानांनी राजगडाला एक दिला. साहेबांच्या केबिनमधल्या टीव्हीवर रंगीत आलेख दाखवणाऱ्या सर्व्हरला नऊ. हे साहेबांच्या सेक्रेटरीला कुठून तरी कळलं. साहेबांनी नानांना वर बोलावून घेतलं. नाना वर गेले आणि म्हणाले, "साहेब, अर्धी वीज गेलीय, तारीख सात आहे, गेटवर तीन पाळ्यांचे कामगार उभे आहेत. अशा वेळी तुम्ही टीव्ही बघाल का?" साहेब थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. नऊचा नऊच राहिला.

पण नाना पूर्ण कसाला लागतात ते खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात प्रत्येक यंत्राची पूजा. लेथला हार, प्रेसला हार, फोर्कलिफ्टला दोन. सर्व्हर रूमच्या दारात मात्र नाना हात आडवे करून उभे. अक्षता नाहीत: दाणा पंख्यात जातो. कोरडं कुंकू नाही: ओलं कालवून, बोटाने, फक्त रॅकच्या दारावर. उदबत्ती तर अजिबात नाही, कारण वर धूर ओळखणारं यंत्र आहे आणि त्याला गॅसचं नळकांडं जोडलेलं आहे; एकदा सुटलं की भरायचं बिल (इथे नाना माझ्याकडे बोट दाखवतात). नारळ पार्किंगमध्ये. एका वर्षी साहेब स्वतः झेंडूचा पाच फुटी हार घेऊन आले. "नाना, एवढा हार आणलाय, निदान समोर तरी लावू दे." "साहेब, हा समोरूनच श्वास घेतो." मागे? मागे गरम हवा बाहेर पडते. वर? पाकळ्या खाली गळतील. यूपीएसला? त्यालाही जाळी आहे. साहेब हार घेऊन उभे, गुरुजी ताम्हन घेऊन उभे, मागे अख्खं ऑफिस. शेवटी हार दाराबाहेरच्या लाल फायर एक्स्टिंग्विशरला घातला. तेव्हापासून ती प्रथाच पडली. आमच्या कारखान्यात सगळ्यात थाटाची पूजा त्या एक्स्टिंग्विशरची होते, आणि नव्या लोकांना वाटतं त्यामागे काही जुनी कथा असावी.

तापमानावरून मात्र माझं आणि नानांचं जमत नाही. आत येणारी हवा 18 ते 27 अंश चालते, असं अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेने केव्हाच सांगून ठेवलंय. हे मला त्या नव्या पोराने सांगितलं, तेही इकडे तिकडे बघून. नानांची खोली 19 वर. मी म्हटलं, नाना, 24 करा, एसीचं बिल बघा. नानांनी कागद ओढला. चॅसिस पाच किलोवॅट खातो, म्हणजे पाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उचलतो. म्हणजे जवळजवळ दीड टन नुसता याचाच. आता एक एसी बंद पडला, तर 19 वरून सुरुवात केली की मला धावत यायला वेळ मिळतो. 24 वरून केली की तुम्ही मला वेळ किती देता? हिशेब चोख. फक्त, तीन एसी असताना, चौथा राखीव असताना, आणि नाना पाच मिनिटांच्या अंतरावर राहात असताना हा हिशेब कशाला, हे मी अजून विचारतेय. सध्या 21 वर तह झालाय. नाना याला 'माघार' म्हणतात. स्वेटर अजून आहेच.

त्यांचे एक मित्र चिंचवडच्या एका कारखान्यात आहेत. तिथले नाना म्हणा. त्यांच्याकडे एचपीचा सी7000, दहा पंख्यांचा. आपल्याकडे नऊच, हे शल्य आमच्या नानांना आहे. त्यात एचपीवाल्यांनी त्या पंख्याची कल्पना रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या पंख्यावरून घेतलेली, ते चिंचवडकर दर भेटीत ऐकवतात. मग दोघं फोनवर एकमेकांना "तुमची इनलेट किती?" विचारतात आणि दोघंही एक अंश कमी सांगतात.

घरी वहिनी सगळं सोसतात. फ्रिज भिंतीपासून किती लांब हवा याच्या खुणा फरशीवर पेन्सिलने केलेल्या आहेत. सोफ्यामागे वर्षानुवर्षं काही ठेवता आलेलं नाही, तिथून हवा जाते म्हणून. परगावी जाताना कुलपाच्या दोन किल्ल्या दोन शेजाऱ्यांकडे, आणि ते दोघं एकाच वेळी सुट्टीवर जाणार नाहीत याची आधी चौकशी.

मुलीच्या लग्नात तर कहरच. कार्यालयाचा मॅनेजर अभिमानाने म्हणाला, "जनरेटर आहे आमच्याकडे." नाना म्हणाले, "दुसरा?" तो भाड्याने आला. पण खरी गंमत मुहूर्ताच्या दिवशी कळली. व्यासपीठावर दोन गुरुजी. एक निगडीहून आलेले, एक हडपसरहून. मुद्दाम वेगवेगळ्या रस्त्यांवरचे, म्हणजे एका बाजूला वाहतूक तुंबली तरी दुसरा पोचावा. दोघंही वेळेच्या आधी पोचले. निगडीच्या गुरुजींनी लग्न लावलं. हडपसरचे गुरुजी शेवटपर्यंत पहिल्या रांगेत पंख्याखाली, सोवळं नेसून, पोथी मांडीवर उघडी धरून बसून होते. मंगलाष्टकं संपली तरी त्यांनी ती मिटली नाही.

संध्याकाळी हिशेब करायला अर्थातच मी. दक्षिणेच्या दोन पाकिटांवर आकडा सारखाच होता. मी म्हटलं, "नाना, दुसऱ्या गुरुजींनी तर एक मंत्र म्हटला नाही."

"मॅडम," नाना पाकिटं चिकटवत म्हणाले, "स्टँडबायलासुद्धा वीज लागतेच."